काशी धवलारिणीचा नंबर

आमच्या पावणे गावापासून उरणपर्यंत माझा नंबर लोकांना तोंडपाठ होता. बढाई मारत नाही. ज्याच्या घरी लग्न, त्याला तो लागायचाच. आम्हा आगरी लोकांत भटजी उशिरा आला तरी निभतं, पण धवलारीण आल्याशिवाय हळद हलत नाही. मांडव घातल्यापासून नवरी सासरी निघेपर्यंत प्रत्येक विधीची गाणी, म्हणजे धवले, वेगळे, आणि ते गाणारी ती धवलारीण. आधी देवांना नावानं मांडवात बोलवायचं, मग त्या घरातल्या गेलेल्या माणसांना. एकाचं जरी नाव राहिलं तरी तो बिचारा मांडवाबाहेर ताटकळत उभा राहतो, असं माझी सासू सांगायची. तीच माझी गुरू. गळा तिचा फुटका होता, पण एक नाव कधी विसरली नाही.

म्हणून लग्नाचा फोन आला की मी आधी तारीख विचारायची नाही, नावं विचारायची. आजा कोण, पणजा कोण, गावदेवी कुठली. एकदा ऐकलं की ते माझ्या डोक्यात पक्कं. पूर्वी लोक नारळ घेऊन दारात यायचे. आता दार सापडायला तर हवं. आमच्या पावण्याला चारी बाजूंनी कारखान्यांनी गिळलं आहे, घरामागच्या खाचरात कसल्याशा रसायनाच्या टाक्या उभ्या आहेत. गुगलवाला पाहुणा कंपनीच्या गेटावर जाऊन उभा राहतो. त्यामुळे जे काय यायचं ते फोनवरूनच यायचं.

आता गोम अशी, की नंबर माझा होता, पण कागदावर वैशालीचा. पहिला फोन घेतला तेव्हा माझ्या एका कार्डावर माहेरचं नाव होतं आणि दुसऱ्यावर सासरचं, दुकानदार ऐकेना. वैशाली तेव्हा नुकतीच माझ्याकडे धवले शिकायला यायला लागली होती. आईविना पोर, गळा मात्र मधासारखा. तिनं आपलं नवंकोरं मतदान कार्ड काढून दिलं आणि काम झालं. आमच्याकडे असंच चालतं. अर्ध्या गावाची सिमं पुतण्याच्या नाहीतर जावयाच्या नावावर आहेत, आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही. घरचंच माणूस, म्हटलं, कागदाला काय चाटायचंय.

दिवाळीनंतर मोबाइल कंपनीचे फोन सुरू झाले. एक बाई रेकॉर्डवर मंजुळ आवाजात सांगायची, जुनं नेटवर्क बंद होणार आहे, नवीन सिम घ्या, नवीन फोन घ्या. मी दोनदा तिच्याशी भांडले, मग नातीनं, मनस्वीनं, सांगितलं की आजी, ती ऐकत नाही. गावात नुसता गोंधळ. शेजारच्या हौसेरावांनी तर आपला बटणांचा फोन बंद पडणार म्हणून जावयाला फोन करून रीतसर निरोप घेतला, जणू काही नेटवर्क नाही, तेच चाललेत.

मला मात्र खरीच काळजी होती. तुळशीचं लग्न झालं की आमचा हंगाम सुरू होतो, आणि त्यात यंदा मनस्वीचं लग्न ठरलेलं. सगळ्या जगाच्या लेकींना हळद लावताना मी गायले, आता माझ्या नातीला लागणार होती. देवाकडे एवढंच मागितलं होतं, की तिच्या हळदीपर्यंत गळा शाबूत ठेव. तो त्यानं ठेवला.

माझा मुलगा निशांत एरवी माझ्या फोनकडे ढुंकूनही बघायचा नाही. खडी-रेती पुरवता पुरवता तो बिल्डर झाला, जुनं घर पाडून चार मजले चढवले, वर बापाचं, गोटीरामाचं, नाव घातलं. पण या वेळी आपणहून म्हणाला, टेन्शन घेऊ नको, मी नवा फोन आणतो, वैशालीला घेऊन सिम बदलतो. सिम तिच्या नावावर, म्हणजे अंगठाही तिचाच लागणार. वैशाली लग्न होऊन खांदेश्वरला गेलेली, तिथून ती आली. मी तिला सुक्या बोंबलाचं कालवण करून वाढलं. दोघं वाशीला गेली आणि संध्याकाळी नवा फोन माझ्या हातात दिला. लाल रंगाचा, मोठ्या बटणांचा. मला कोण आनंद झाला.

फोन लागेना. निशांत म्हणाला, जुनं नेटवर्क काढून नवं बसवतायत, आपल्या बाजूच्या टॉवरचं काम चालू आहे, थोडा वेळ लागेल. आठवडा गेला, मग दुसरा गेला. विचारलं की तेच उत्तर. वैशालीनंही जाताना तेच सांगितलं होतं, आणि मग तिचं येणं बंद झालं. माझी सून संध्या या विषयावर तोंड उघडायची नाही, माझ्या फोनचं बोलणं निघालं की गॅस बारीक करायला वळायची. मी सगळा राग टॉवरवर काढला. लोक फोन लावून दमले असतील, कुणाच्या मांडवात कोण गात असेल, या विचारानं मला अन्न गोड लागेना. इतकी मी खुळी.

माघात एक दिवस गल्लीतून हौसेरावांचा आवाज आला. जावयाशी बोलत होते, जावई न्हावा शेव्याला असूनसुद्धा फोनशिवाय ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. मी गॅलरीतून विचारलं, नेटवर्क आलं का. ते म्हणाले, आलं म्हणजे, गेलं कधी होतं? सिम बदललं त्याच्या दुसऱ्या दिवसापासून चालू आहे. त्यांची कंपनी माझीच, टॉवरही तोच.

मी खाली उतरले, त्यांच्या हातातून फोन घेतला आणि माझा नंबर लावला. का लावला ते आजही सांगता येणार नाही. रिंग वाजली. माझा फोन वर पलंगावर मुका पडलेला, आणि इथे कानात रिंग वाजतेय.

"हां, काशी धवलारीन बोलतंय. बोला."

आवाज मी लगेच ओळखला. तो आवाज मीच घडवला होता, कुठे श्वास घ्यायचा तेसुद्धा मी शिकवलं होतं.

"कंची काशी?" मी विचारलं.

"पावन्याची. तुमचा गाव कंचा?"

"माझा पन गाव पावना," मी म्हटलं. "माझे सासूचा नाव पुतला. तुना धवलं शिकवलं ती काशी कंची, ता मना सांग."

मग ती म्हणाली, "मावशी, मना निशांतदादानी सांगला. आई आता गानार नाय, नंबर तूच ठेव, असा बोलला तो."

"मंग तुझा नाव सांगाचा. माझा कनाला लावतंस?"

"लोकांना काशीच पायजे, मावशी," ती म्हणाली. "वैशाली सांगला तर ठेवून देतात."

मी हौसेरावांना फोन परत दिला. त्यांनी सगळं ऐकलं होतं, आणि उद्यापर्यंत गावानंही ऐकलं असतं. त्याची मला लाज वाटली नाही. शिकवताना मी त्या पोरीला घशासाठी तूप-मिरी खलून दिली होती, ते आठवलं आणि त्याची मात्र लाज वाटली.

निशांत घरी आला तेव्हा मी त्याला जेवूही दिलं नाही. तो चिडला नाही, उलट सोफ्यावर माझ्या शेजारी बसला आणि साइटवर गिऱ्हाइकाला समजावतात तसं मला समजावायला लागला. मनस्वीचं सासर खारघरचं, मूळचं घाटावरचं, सासरा बँकेतून रिटायर. त्यांनी पहिल्याच भेटीत विचारलं होतं, आजी काय करतात, आणि यानं सांगितलं होतं की काही नाही, घरीच असतात. आता लग्नाच्या दिवसांत मी कुणाच्यातरी टेम्पोत बसून हळदीला निघाले आणि त्यांच्यापैकी कुणी पाहिलं तर? लोक पदरात तांदूळ घालतात, साडी देतात, ते बिदागीसारखं दिसतं. सांगून मी ऐकलं नसतं. म्हणून नेटवर्कचं निमित्त साधून नवं सिम वैशालीकडेच ठेवलं, माझ्या लाल फोनात जुनं बंद सिम घातलं, गाणं आपोआप सुटेल असं वाटलं. गेल्या महिन्यात तुर्भ्याहून दोघं विचारत घरापर्यंत आली होती, त्यांनाही यानंच खालच्या खाली परत पाठवलं, माझा गळा बसलाय म्हणून.

मी त्याला एवढंच विचारलं, की ज्या घरावर बापाचं नाव लावलंस त्या घरात बापाची बायको मेली असं लोकांना सांगायचं बाकी ठेवलंस का. तो म्हणाला, आई, ड्रामा नको.

दुसऱ्या दिवशी मी रिक्षा करून एकटी वाशीला कंपनीच्या दुकानात गेले. काउंटरवरची मुलगी चांगली होती, तिनं मला खुर्ची दिली, नंबर टाकून बघितला आणि म्हणाली, आजी, हा नंबर तुमच्या नावावर नाही. मी म्हटलं, गेली कित्येक वर्षं मीच तो उचलतेय. ती म्हणाली, हो, पण नावावर नाही. तिचं काही चुकलं नव्हतं. नवा नंबर देते म्हणाली. नवा घेऊन काय करू, तो कुणाला ठाऊक असणार?

मग मी घरात कुणाशी बोलेनाशी झाले. माझी एकच आशा उरली होती. हळद घरी होणार होती, गावच्या रीतीनं, आणि मनस्वीच्या हळदीला मीच गाणार, हे तर निशांतही नाकारू शकत नव्हता. मांडवाची मेढ रोवायच्या आदल्या दिवशी मी माझं हिरवं लुगडं काढून उन्हात टाकलं. संध्यानं ते पाहिलं आणि रडायलाच लागली. तिच्याकडून कळलं. धवलारीण सांगून झाली होती. पाहुण्यांच्या रांगेत पहिल्या खुर्चीवर आजी म्हणून बसायचं आणि आहेर घ्यायचा, एवढंच माझं काम. गाणार वैशाली. माझ्याच पोटच्या पोरानं माझ्याच नंबरवर फोन करून तिला सांगितलं होतं.

मी लुगडं घडी करून परत ठेवलं.

संध्याकाळी निशांत माझ्या खोलीच्या दारात आला. हातात फोन होता, आत यायचा धीर होत नव्हता. घसा खाकरून म्हणाला, "आई, वैशाली नावा इचारते. आज्याचे मागचा मना कोनच माहीत नाय."

फोन स्पीकरवर होता. पलीकडे वैशाली होती, पण मावशी म्हणायची तिचीही छाती झाली नाही.

मी ठरवलं असतं तर गप्प बसू शकले असते. दोघांची चांगली जिरली असती. पण नावं त्यांची नव्हती. माझा नवरा, सासू-सासरे, ज्यांनी मला या घरात आणलं ती माणसं, त्यांनी कुणाचं काय बिघडवलं होतं? मनस्वीला हळद लागताना त्यांनी मांडवाबाहेर उभं राहायचं, ते माझ्या रागापायी? ते मला जमेना.

मी सांगायला लागले. नाव ऐकलं की लगेच आपल्या तोंडानं म्हणायचं, म्हणजे ते जिभेवर बसतं, ही वैशालीला मीच लावलेली सवय. ती माझ्यामागून म्हणत गेली.

"जोतीराम," मी म्हटलं.

"जोतीराम."

"जोतीरामाचा देवजी."

"जोतीरामाचा देवजी."

"देवजीची पुतला."

"देवजीची पुतला." तिचा आवाज कापत होता, पण सूर जागेवर होता. शिकवणारीला तेवढं कळतं.

"देवजीचा गोटीराम."

"देवजीचा गोटीराम."

निशांतनं सुटल्यासारखा श्वास सोडला आणि फोन बंद करायला बोट पुढे केलं. मी त्याचा हात धरला.

"थांब. अजून एक नाव रायला हाय," मी म्हटलं. "गोटीरामाची काशी."

मी फोनकडे तोंड करून तेच नाव पुन्हा सांगितलं, सावकाश, शिकवताना सांगायचे तसं. फोन चालू होता, रेंज पुरेपूर होती, पण ते एक नाव तिनं माझ्यामागून म्हटलं नाही.