क्लॅम्प आणि लॅम्प

ऑपरेशन थिएटरमध्ये तिला सगळे मोठ्या सिस्टर म्हणत. डॉक्टरांनी हात पुढे करून एक शब्द उच्चारायचा आणि त्याच क्षणी हवं ते हत्यार त्यांच्या तळहातावर पडायचं, अशी तिची ख्याती. नव्या मुली तिला वचकून असत आणि तिच्याच हाताखाली काम मिळावं म्हणून धडपडतही असत.

गेले काही महिने मात्र तिची पंचाईत होऊ लागली होती. समोरच्याचे ओठ दिसत असले तर सगळं ठीक. पण मास्क चढला, की शब्दाचं नुसतं शेपूट कानावर येई, डोकं कुठेतरी गळून पडलेलं. आधी तिनं त्याचं खापर एसीच्या घरघरीवर फोडलं, मग मास्कच्या नव्या जाड कापडावर. घरात टीव्हीचा आवाज वाढला म्हणून नवरा कुरकुरला, तेव्हा उलट त्याच्यावरच डाफरली.

एका संध्याकाळी ती गॅसपाशी उभी होती. पहिलीतली नात मागे टेबलावर बसून शाळेतले यमक जुळणारे इंग्रजी शब्द घोकत होती. आपण शब्द म्हणायचा आणि आजीनं अर्थ सांगायचा, असा खेळ तिनंच काढला. ती 'फीट' म्हणाली, आजीनं 'उष्णता' सांगितलं. 'शीट' म्हणाली, आजी म्हणाली, 'बसायची जागा'. आजी मुद्दाम गंमत करतेय असं वाटून पोर हसून हसून लोळली. भाजी चिरणारी सून मात्र हसली नाही.

"आई, एकदा कान दाखवून येऊ या का?" तिनं हळूच विचारलं.

"माझ्या कानांना काय धाड भरलीय?" सिस्टर म्हणाली आणि गॅस बंद करून बाहेर निघून गेली. खोलीत जाऊन तिनं नातीचं पुस्तक उघडलं. फीट, हीट, सीट, शीट. पाय, उष्णता, जागा, चादर. चार शब्द, चार अर्थ, आणि तिच्या कानांना चारही एकच.

तरी पुढच्या आठवड्यात ती थिएटरमध्ये उभी राहिलीच. टेबलावर एक बसड्रायव्हर होता, पोटाचं ऑपरेशन. अर्ध्यावर एक रक्तवाहिनी सुटली. ती चिमटायला डॉक्टरांनी हात पुढे करून क्लॅम्प मागितला. डॉक्टर जुन्या वळणाचे, वरच्या दिव्याला लॅम्पच म्हणायचे. सिस्टरनं तेच ऐकलं आणि वर हात घालून दिवा जवळ ओढला. डॉक्टरांचा तळहात रिकामाच राहिला. ते पुन्हा म्हणाले, मोठ्यानं. तिनं दिवा आणखी खाली आणला. पोटात रक्त भरत चाललं होतं. शेवटी शेजारच्या धाकट्या सिस्टरनं तिच्या पुढ्यातून हात घालून क्लॅम्प उचलला आणि डॉक्टरांना दिला.

ड्रायव्हर वाचला. पण त्याला रक्त चढवावं लागलं.

हात धुताना डॉक्टर स्वतःच म्हणाले, की आपणच पुटपुटलो असू, मास्कमध्ये आवाज अडकतो. सुटकेची वाट आयती समोर आली होती. नुसती मान डोलवली असती तरी भागलं असतं. सिस्टरनं नळ बंद केला.

"डॉक्टर, माझ्या पाठीमागे उभे राहा. क्लॅम्प किंवा लॅम्प, मनाला येईल ते म्हणा."

ते नको म्हणत होते. ती भिंतीकडे तोंड करून उभीच राहिली. त्यांनी एक शब्द म्हटला. ती म्हणाली, लॅम्प. पुन्हा लॅम्प. तिसऱ्यांदाही लॅम्पच. मग पुढचा शब्द आलाच नाही, म्हणून ती वळली.

"लॅम्प मी एकदाही म्हणालो नाही, सिस्टर."

हे कधीपासून, असं त्यांनी विचारलं. तिनं सांगितलं. त्यांचा चेहरा बदलला. इतकी वर्षं बरोबर काम केलेल्या माणसानं तिच्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं. ते निघून गेले.

कानांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, की बारीक आवाज गेले ते गेलेच. यंत्रानं घरात बरं ऐकू येईल, थिएटरचा भरवसा नाही. तिनं आपणहून हत्यारं धुऊन बांधायच्या खोलीत बदली मागून घेतली. घरी सुनेला सांगताना मात्र तिला रडू आवरलं नाही.

ड्रायव्हरला घरी सोडायच्या आदल्या दिवशी ती वॉर्डात गेली. त्याच्या खाटेपाशी स्टूल ओढून बसली आणि म्हणाली, तुमचं रक्त जास्त गेलं ते माझ्यामुळे, मला ऐकू कमी येतं आणि मी ते लपवलं. ड्रायव्हर खिडकीकडे तोंड वळवून काहीतरी बोलला.

"मला कळलं नाही," ती म्हणाली. "इकडे बघून बोला."

तो वळला. "तुमच्यामुळे माझ्याआधी कुणाला काही झालंय का, असं विचारलं."

तिनं गेल्या काही महिन्यांतली ऑपरेशनं एकेक करून आठवायचा प्रयत्न केला. सगळी सुरळीत पार पडल्यासारखीच वाटत होती.

"मला माहीत नाही," ती म्हणाली.

त्यानं डोळे मिटून घेतले. ती उठली आणि स्टूल जागेवर ठेवून खाली हत्यारं धुवायच्या खोलीत कामाला गेली.