रतनचं वजन

वजनकाट्याच्या झोळीतलं पोर पाय झाडत होतं आणि सुगंधा डोळे बारीक करून काटा वाचत होती, तेवढ्यात सुंदराबाईच्या दारात एक बाई येऊन उभी राहिली. आत कोण आहे हे न बघताच ती म्हणाली, "सुंदरे, झालं का गं वजन? दे माझ्या चंद्रप्रकाशला, भूक लागली असंल त्याला."

मग तिला सुगंधा दिसली आणि तिने जीभ चावली. पण बोलून बसली होती. झोळीतून लेकरू उचललं आणि वरच्या गल्लीकडे चालती झाली.

सुगंधाच्या हातातल्या कार्डावर लिहिलं होतं: रतन, वय तेरा महिने, आई सुंदराबाई.

घाटकोपरच्या त्या डोंगरावरच्या वस्तीत एका संशोधन संस्थेचा अभ्यास चालू होता. गव्हाला मोड आणून, वाळवून, दळून केलेलं पीठ चमचाभर घातलं की घट्ट खीर पातळ होते आणि इवल्या पोटात जास्त जाते. त्याने पोरं खरंच बाळसं धरतात का, एवढंच बघायचं होतं. पीठ वाटायचं आणि महिन्याला वजनं घ्यायची, हे काम सुगंधाचं. दीडशे पोरं. काटा तिला तोंडपाठ होता, तोंडं मात्र नव्हती. रतनचं कार्ड तर अभ्यासाच्या प्रमुख उत्तरा मॅडमनी संस्थेच्या केंद्रातल्या भिंतीवर लावायला सांगितलं होतं. जूनमध्ये सहा किलो, जुलैत एकदम सात किलो दोनशे. पिठाने जादू केली म्हणून सगळे खूश, आणि सर्वांत खूश सुगंधा.

"रतन कुठे आहे?" तिने विचारलं.

सुंदराबाई खाली मान घालून उभी.

जूनमध्ये पाहिलेलं ते तापाने फणफणलेलं पोर सुगंधाला आठवलं. मेलेल्या पोराच्या नावाने आपण तीन महिने वजनं लिहीत आलो की काय, असं वाटून तिने हातातलं कार्ड खाली ठेवलं.

सुंदराबाई लुगड्याच्या पडद्याआड गेली आणि पोराला काखेत घेऊन आली. हडकुळंच होतं. पण झोपेतून उठवलं म्हणून असं काही भोकाड पसरलं त्याने, की सुगंधा मटकन खाली बसली. इतकं गोड रडणं तिने जन्मात ऐकलं नव्हतं. तिचे डोळे भरून आले.

"अगं, मग दुसऱ्याचं पोर कशाला घातलंस झोळीत?"

"तुम्हीच म्हनला व्हता ना, सगळ्या बायांदेखत," सुंदराबाई म्हणाली. "‘पोर हाय का काडी, आई एकटीच खाती वाटतं.’ लई लागलं मला. पर पीठ रोज घातलं बाई. एक दिस चुकवला न्हाई."

सुगंधाच्या जिभेला हाड नव्हतं, हे तिची सासू रोजच सांगायची. आज पहिल्यांदा तिला ते पटलं. आपण बोललो होतो हे तिला आठवतसुद्धा नव्हतं.

"चुकलं गं माझं," ती म्हणाली. उठून तिने दार लावलं आणि रतनला झोळीत घातलं. साडेसात किलो. तिने दोनदा पाहिलं आणि आकडा सुंदराबाईच्या कानात सांगितला.

केंद्रावर गेल्यावर तिने सगळं सांगून टाकलं. नोकरी जाणार, असं धरूनच चालली होती. उत्तरा मॅडमनी भिंतीवरचं कार्ड काढलं, तीन खोट्या आकड्यांवर काट मारली आणि हे पोर आता अभ्यासात धरता येणार नाही म्हणाल्या. दीड किलो खरं वाढलं होतं, पण ते कुठल्याच अहवालात जाणार नव्हतं. त्याचं सुगंधाला वाईट वाटलं. बाकीच्या सगळ्या घरी जाऊन प्रत्येक पोर डोळ्यांनी ओळखून यायचं, असं मॅडमनी बजावलं. नोकरी राहिली होती.

"आणि पीठ?" सुगंधाने विचारलं.

"ते द्या की. आपण काय आकड्यांना जेवू घालतो?"

पुढच्या महिन्यात यादीत नाव नसतानाही सुगंधा काटा घेऊन सुंदराबाईकडे गेली. बाहेर पाच-सहा बाया धुणं धूत बसल्या होत्या. झोळी अडकवायच्या आधी ती दार लोटायला वळली.

"राहू द्या उघडं," सुंदराबाई म्हणाली आणि रतनला घेऊन उंबऱ्यापाशी आली.