चार पायांचा नागोबा

मित्रांनो, माझ्या पोटावर एक नाग आहे आणि त्याला चक्क चार पाय आहेत! हसू नका. मी चीन देशात जन्मलो आणि तिकडे अशा प्राण्याला मोठा मान असतो. मी चिनी मातीचा एक जुना रांजण. उंची तुमच्या गुडघ्याच्या थोडी वर, रंग काकवीसारखा, आणि खांद्यावर दोरी ओवायला चार कान. ज्या कुंभाराने मला घडवले त्याचे नाव मला ठाऊक नाही. पण ओल्या मातीवर त्याने हा प्राणी बसवला आणि नखाने त्याचा एकेक खवला काढला, ते आठवते. मग भट्टी! तो ताप काय सांगू! अंगभर काचेसारखी झिलई पसरली आणि मी पक्का झालो.

जहाजाच्या तळात तेल वाहत मी सिंगापूरला पोहोचलो. तिथे एका चिनी वाण्याच्या दुकानात कित्येक वर्षे खारवलेली भाजी सांभाळत बसलो. दुसरे महायुद्ध संपले त्या साली त्या दुकानाला आग लागली. वाण्याची म्हातारी आई आत अडकली होती. रस्त्याने चाललेला एक शिपाई धुरात शिरला आणि म्हातारीला पाठुंगळी घेऊन बाहेर आला. तो आपल्या आटपाडीकडचा आकाराम, पलटणीबरोबर तिकडे गेलेला. दुकानाची राख झाली. त्या राखेत धड उरलो तो मी एकटा. वाण्याने मला पुसले आणि दोन्ही हातांनी आकारामपुढे धरले.

आकारामने मला आपल्या बिस्तऱ्यात गुंडाळले. बोटीत, आगगाडीत आणि शेवटी बैलगाडीत त्याने मला मांडीवरून खाली ठेवले नाही. घरी त्याची बायको अंबूबाई वाट पाहत होती.

"एवढ्या लांबनं मला काय आणलंसा?" तिने विचारले.

"नागोबा आणलाय तुला."

अंबूबाईने मला चहूबाजूंनी न्याहाळले. "आवं, पर ह्येला पाय हाईत की!"

"मग? पलटणीतला हाय त्यो. चालत आलाय."

ती इतकी हसली की डोळ्यांना पदर लावावा लागला. त्या श्रावणात गल्लीतल्या बायका लाह्या आणि दूध घेऊन माझ्याकडे आल्या. वारुळापर्यंत जायचे त्यांचे पाय वाचले आणि माझी छाती फुगली!

पुढे आकाराम गेला. अंबूबाई माझ्यात बियाणाची ज्वारी ठेवू लागली. कडुलिंबाचा पाला, थोडी राख, वर फडके आणि मातीचा लेप. मग आला बाहत्तरचा दुष्काळ. अंबूबाई आणि तिची सून विजयमाला दुष्काळी कामावर खडी फोडायला जात. घरात मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीची भाकरी, तीही पोटभर नाही. एकदा विजयमालेचा हात माझ्या तोंडावरच्या फडक्याला लागला. अंबूबाई रागावली नाही. एवढेच म्हणाली, "पोरी, ते खायाचं न्हाई. ते पेरायचं हाय."

पुढच्या साली पाऊस झाला. गल्लीत कुणाकडे बियाणे नव्हते. अंबूबाईने माझा लेप फोडला, आत हात घातला आणि मूठ उन्हात धरली. एका दाण्याला कीड नव्हती! आधी सुनेच्या, मग शेजारणींच्या पदरात तिने पसापसा ज्वारी घातली. त्या वर्षी त्या गल्लीच्या रानांत माझ्या पोटातले पीक डोलले. मित्रांनो, तेव्हा मला किती ओरडावेसे वाटले म्हणून सांगू!

पण दिवस कुणाचे राहतात? घरात पत्र्याच्या कोठ्या आल्या, मग स्टील आले. मला गोठ्यात नेऊन ठेवले. अंगावर धूर आणि शेण बसले. एका कोंबडीने तर माझ्यात अंडी घालायला सुरुवात केली. कोंबडीबद्दल माझी तक्रार नाही. ती तरी माझ्याकडे रोज येत होती.

पंच्याऐंशीच्या उन्हाळ्यात एक बाई गोठ्याच्या दारात उभ्या राहिल्या. त्या शरयूबाई, सांगलीच्या शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या. गावोगाव फिरून चिनी मातीची जुनी भांडी जमवण्याचा त्यांना भारी नाद. पायांच्या नागाचा रांजण आहे असे कुणीतरी सांगितले आणि त्या एसटीने धावत आल्या. त्यांनी पदराचे टोक ओले करून माझे पोट घासले. काजळीतून आधी एक डोळा निघाला, मग एक पंजा.

"सापडला! अगं बाई, सापडला!" त्या लहान मुलीसारख्या ओरडल्या. कोंबडी उडून पळाली.

अंबूबाई तेव्हा लेकीकडे खंडाळ्याला गेली होती. विजयमालेने दोन चकचकीत स्टीलच्या डब्यांवर मला देऊन टाकले. तिला वाटले, गोठ्यातली अडगळ गेली. आणखी काही जुने सापडले तर कळवा म्हणून शरयूबाईंनी तिला आपला पत्ता लिहून दिला.

एसटीत शरयूबाईंनी मला मांडीवर घेतले. कंडक्टर म्हणाला, "बाई, ह्यात काय हाय?"

"काही नाही. रिकामा आहे."

"मग पोरावाणी जपताय कशापायी?"

सगळी गाडी हसली. शरयूबाईही हसल्या, पण हात सैल केला नाही.

त्यांच्या घरी माझ्या जातीची अकरा भांडी होती! पिवळसर बरण्या, निळ्या फुलांचे वाडगे, एक लांब मानेची सुरई. एकीत मोरपिसे, दुसरीत वाळलेले गवताचे तुरे. मला रिठ्याच्या पाण्याने आंघोळ घातली, खवल्याखवल्यातून मऊ ब्रश फिरवला आणि खिडकीजवळ मानाच्या जागी बसवले. शेजारणी बघायला येऊ लागल्या. मी हरखून गेलो.

शरयूबाईंचे यजमान गंगाधरपंत संध्याकाळी त्याच कोपऱ्यात पेपर वाचत. एकदा ते म्हणाले, "इथे उजेड कमी पडतो. ह्याच रांजणाचा दिवा केला तर?"

"अहो, किती छान दिसेल! मी एका मासिकात तसं चित्र पाहिलंय," शरयूबाईंचे डोळे चमकले. "तळाला वायरपुरतं भोक, वर रेशमी शेड!"

भोक! माझ्या तळाला! मी आगीतून आलो होतो, पण तेव्हा पहिल्यांदा भ्यालो.

रविवारी सकाळी नानासो मिस्त्री यंत्र घेऊन आले. मला गोणपाटावर उपडे केले. तळावर पाणी ओतले. सुई फिरली आणि माझे चारही कान थरथरले. तेवढ्यात दाराची कडी जोरात वाजली. गंगाधरपंतांनी दार उघडले. दारात अंबूबाई! हातात ते दोन स्टीलचे डबे, आणि मागे मान खाली घातलेली विजयमाला.

"थांब रं, मिस्त्री!" अंबूबाई कडाडली. "त्या नागोबाला काय करतुयास?"

यंत्र थांबले. माझ्या तळावर फक्त एक पांढरा टवका उडाला होता.

शरयूबाई गडबडल्या. "आजी, मी फसवून नाही आणला हो. तुमच्या सुनेने राजीखुशीने दिला."

"व्हय, दिला. तिची चूक न्हाई. त्यो कुठनं आला ते म्या तिला कवा सांगितलंच न्हाई. गोठ्यात बी म्याच टाकला." अंबूबाई माझ्याजवळ बसली आणि दम खाऊन सांगू लागली. आग, म्हातारी, बिस्तरा, बैलगाडी, सगळे. शेवटी म्हणाली, "त्यांनी माझ्यासाठनं एवढं एकच आणलं, बघा."

नानासोंनी हळूच यंत्राची वायर काढली. शरयूबाईंनी मला उलटवून सरळ ठेवले आणि आपल्या पदराने पुसले. त्यांचा जीव माझ्यावर जडला होता, ते मला त्यांच्या बोटांतून कळत होते.

"घेऊन जा, आजी," त्या म्हणाल्या. "डबेही राहू द्या."

"डबं तुझं तुला," अंबूबाई म्हणाली. मग खिडकीच्या उजेडात तिने मला पाहिले आणि पाहतच राहिली. "लय निगुतीनं धुतलायस गं पोरी. आणला त्या दिशी असाच झळकत हुता. पंचमीला ये आमच्याकडं. येशील न्हवं?"

स्टँडवर मला विजयमालेने उचलून नेले. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही.

आणि पंचमीला शरयूबाई खरेच आल्या, गंगाधरपंतांना घेऊन! त्यांनी घर नुसते फिरून पाहिले आणि कामाला लागल्या. सोप्यात उजव्या हाताला पाट मांडला, भिंतीला पांढरा चुना दिला, माझ्या तोंडात शाळूची जपून ठेवलेली टपोरी कणसे उभी केली. दारातून येणाऱ्याला आधी मीच दिसू लागलो. विजयमाला दूर उभी राहून बघत होती. "आत्याबाई, आपलं घर लय झ्याक दिसतंय की वं!" ती सासूला म्हणाली. गल्ली जमली तेव्हा अंबूबाईने आकारामची गोष्ट पहिल्यांदा सगळ्यांसमोर सांगितली. पायांवरचा तो विनोद आला तेव्हा बायका पोट धरधरून हसल्या.

दिवाळीनंतर साताऱ्याचे एक गृहस्थ आले. हॉटेल सजवायला त्यांना जुनी भांडी हवी होती. माझ्या बदल्यात नवे कपाट देतो म्हणाले. अंबूबाई शेतात होती. विजयमालेने त्यांना बसवले, पाणी दिले आणि सांगितले, "ह्येच्यातलं बी पेरून आमी जगलोय, पाव्हणं. आनि ह्यो माझ्या मामंजींनी आगीतनं माणूस काढलं, त्याची खूण हाय. न्हाई द्यायचा."

मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. जुने भांडे दिसले तर ते जरूर धुवा, फुलांनी सजवा, उजेडात ठेवा. पण त्याआधी घरातल्या मोठ्या माणसाजवळ बसून विचारा की हे आपल्याकडे आले कसे. आम्हा भांड्यांना तोंड असते, पण बोलता येत नाही. आमची गोष्ट त्यांच्याच तोंडी असते. ती आजच ऐकून घ्या!