हिरवी खूण, लाल फुली

मित्रांनो, मी एक जुना सरावसोबती आहे. वय विचाराल तर जेमतेम सात वर्षं, पण आम्हा वेब अ‍ॅप मंडळींत ते म्हातारपणच. मला तेलपाणी लागत नाही. फोनवर माझा पत्ता टाकला की मी उघडतो, एका कॉर्डचं नाव दाखवतो आणि कान टवकारून बसतो. कॉर्ड म्हणजे तीन-चार सूर एकदम वाजवायचे. बरोबर वाजले तर हिरवी खूण, चुकले तर लाल फुली. एवढंच माझं काम.

मला घडवलं एका मुलीने, नोकरी सांभाळून, रविवारी जेवणाच्या टेबलावर. शेजारी तिचा सूर वाजवायचा नवा कोरा कीबोर्ड असे. सुरुवातीला मी पंख्याच्या घरघरीलाही हिरवी खूण द्यायचो. ती कपाळावर हात मारून घ्यायची आणि पुन्हा कामाला लागायची. हळूहळू मी तयार झालो. अनोळखी लोक मला वापरू लागले. "याचे कान भलतेच तिखट आहेत!" असं कोणीतरी लिहिलं, आणि माझ्या डोक्यात हवा गेली.

मग तिने मला तिच्या मावशीच्या फोनवर उघडून दिलं. मावशी लहान मुलांच्या इस्पितळात परिचारिका होत्या. तिथल्या हॉलमध्ये एक जुना पियानो होता. दर गुरुवारी एक डॉक्टर तो वाजवत आणि आजारी मुलं भोवती बसून गात. त्या डॉक्टरांची बदली झाली. इस्पितळाच्या मोठ्या बाईंनी सांगितलं, "महिन्याभरात वाजवणारं कोणी मिळालं तर बघू. नाहीतर पियानो हलवून तिथे दोन खाटा टाकू." मावशी पटकन म्हणाल्या, "मी शिकते." त्यांनी तोवर पियानोवर फक्त फडकं मारलं होतं.

दुपारी मुलं झोपली की त्या मला पियानोवर उभं करत आणि आवाज दाबून सराव करत. मी 'सी' ही पहिली कॉर्ड दाखवली. त्यांनी पुस्तकातल्या चित्राप्रमाणे बोटं ठेवली. मी लाल फुली दिली. पुन्हा वाजवलं, पुन्हा फुली.

"अरे मेल्या, ही सी नाही तर काय आहे?" त्या मला म्हणाल्या. मी काय बोलणार? कानाला जे ऐकू आलं ते सांगितलं.

चार दिवसांनी त्यांना एक युक्ती सापडली. काळ्या-पांढऱ्या सगळ्या पट्ट्या धरून बोटं एक पट्टी उजवीकडे सरकवली की मी हिरवा होत होतो. झालं, त्या तसंच वाजवू लागल्या. पण त्यामुळे साध्या कॉर्डसाठी काळ्या पट्ट्यांवर चढउतार करावी लागे. बोटं अडखळत, मनगट आखडे. माझ्या हिरव्या खुणेसाठी मावशींनी बरोबर आलेलं सोडून दिलं, आणि मी मात्र खुशीत होतो. आज ते आठवलं की लाज वाटते.

एकोणीस दिवस गेले. मावशींनी भाचीला फोन केला. "मला नाही गं जमणार. इंजेक्शन देताना हात कापला नाही कधी, पण इथे बोटंच ऐकत नाहीत. पोरांना काय सांगू?"

भाची दुसऱ्याच दिवशी आली. मावशींचं ते वाकडंतिकडं वाजवणं पाहून चक्रावली. "मावशी, तू चित्रात आहे तसं वाजव बघू." मावशींनी वाजवलं. मी नेहमीप्रमाणे फुली दिली. भाचीने एकदा माझ्याकडे पाहिलं, मग मला बाजूला ठेवून पियानोचं वरचं झाकण उचललं. आत पियानो लावणाऱ्याने चिठ्ठी डकवली होती: 'तारा जुन्या आहेत. तुटू नयेत म्हणून सगळे सूर अर्धा सूर खाली लावले आहेत. ओढून वर चढवू नयेत.'

भाचीने चिठ्ठी मोठ्याने वाचून दाखवली. "मावशी, तुझं पहिल्या दिवसापासून बरोबर होतं. मी याला फक्त माझ्या कीबोर्डचे सूर शिकवले."

त्या संध्याकाळी तिने मला नवं वळण लावलं. आता मी आधी पडद्यावर दाखवतो, 'मधल्या सीची पट्टी वाजवा.' समोरचं वाद्य कुठे लावलंय ते ऐकतो आणि मगच खूण देतो. मावशींची बोटं पुन्हा पांढऱ्या पट्ट्यांवर आली. उरलेल्या दिवसांत त्यांनी चार कॉर्ड पक्क्या केल्या. मुलांच्या गाण्यांना तेवढ्या पुरल्या. महिनाअखेरच्या गुरुवारी मावशींनी वाजवलं आणि मुलं गायली, पुढच्या गुरुवारीही गायली, आणि खाटांचं नाव पुन्हा कोणी काढलं नाही.

आता मावशींना माझी गरज पडत नाही. मला घडवणारी मुलगीही मोठ्या कामात गुंतली आहे. नव्या फोनवर माझी बटणं एकमेकांवर चढतात, तिकडे बघायला कोणाला सवड नाही. कधीतरी तिने डागडुजी करावी असं वाटतं खरं. पण त्याहून मोठी खंत वेगळीच आहे. एका बरोबर माणसाला मी चूक म्हटलं आणि त्याचे एकोणीस दिवस वाया घालवले. तुम्हीही कोणाला फुली मारण्याआधी त्याचे सूर कुठे लावलेत ते एकदा ऐका. आणि तरीही चुकलंच, तर मित्रांनो, तुम्हाला तोंड आहे. माझ्याकडे फक्त दोनच खुणा आहेत, हिरवी आणि लाल. 'मावशी, माझं चुकलं' हे मला अजून सांगता आलेलं नाही.