एका फुटाने हुकलेला आकडा

मित्रांनो, मी एक जुना वेगमापक आहे. पिस्तुलातून सुटलेली गोळी एका सेकंदात किती फूट पळते, एवढंच मला कळतं. भगवंताने मला दुसरं काही कामच दिलं नाही. केंटकीच्या डोंगरात, एका बंद पडलेल्या दगडखाणीत आमचा नेमबाजीचा क्लब आहे. तिथल्या पत्र्याच्या खोलीत, कपाटातल्या रंगाच्या डब्यांमागे मी पडून असतो.

कारखान्यात मला दोन डोळे बसवले, एकापुढे एक. गोळीची सावली या डोळ्यावरून त्या डोळ्यावर जायला किती वेळ लागला, ते पाहून मी वेग सांगतो. क्लबात नवा आलो तेव्हा माझं काय कौतुक झालं! माणसं माझ्याशेजारी उभी राहून फोटो काढून घ्यायची. पुढे त्यांच्या लक्षात आलं की मी कुणाच्याच बाजूचा नाही, आणि फोटो थांबले. वर्षातून एकदा, नोव्हेंबरच्या सामन्याला, मला तिवईवर उभं करत. समोर येणारा प्रत्येक जण घाबरलेला असे.

त्याचं कारण असं. कुणी मुळमुळीत, हाताला धक्का न देणारी काडतुसं आणून भराभर नेम मारू नयेत म्हणून या खेळात एक अट आहे. गोळीचं वजन ग्रेन या बारीक मापात घ्यायचं, त्याला माझ्या वेगाने गुणायचं आणि हजाराने भागायचं. उत्तर निदान एकशे पंचवीस यायला हवं. ते कमी आलं तर दिवसभर खुशाल नेम मारा, प्रत्येक गोळी मधोमध घाला. तुमच्या नावापुढे गुण लागत नाहीत.

हर्शेल टॅकेट आणि त्याची बायको फर्न यांनी बावीस वर्षांत एकही सामना चुकवला नव्हता. काडतुसं फर्न घरी स्वतः भरायची. निकालाचा कागद ती दरवर्षी स्वयंपाकघरातल्या भिंतीला चिकटवायची. दोघं चर्चमध्ये जोडीने गात, आणि तेच स्तोत्र हर्शेल माझ्यापुढे उभा राहूनही गुणगुणे.

मार्चमध्ये फर्न गेली. ऑगस्टमध्ये हर्शेलने किल्ली मागून घेतली आणि एकट्यानेच मला बाहेर काढलं. तेव्हाही तो गुणगुणत होता, पण एक ओळ झाली की थांबायचा. तिची ओळ यायची ती जागा होती. बाबांनो, अर्धं गाणं घेऊन फिरणारा माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

त्याची बोटं संधिवाताने आखडली होती, त्यामुळे काडतुसं भरणं त्याला जमेना. म्हणून त्याने जन्मात पहिल्यांदा दुकानातली आणली. डब्यावर छापलं होतं, गोळी एकशे चोवीस ग्रेनची, वेग अकराशे दहा. माझ्यापुढे मात्र वेग भरला एक हजार तीस. हर्शेलने बोटांवर हिशेब केला. एकशे सत्तावीस आणि वर थोडं. "झालं की! सुटलो," असं म्हणून त्याने मला कपाटात ठेवलं.

तो डबा सकाळपासून त्याच्या ट्रकच्या काचेमागे, कडक उन्हात तापला होता. काडतुसातली बंदुकीची दारू तापली की जास्त जोराने पेटते. मला ते ठाऊक होतं, पण मला तोंड कुठे आहे?

नोव्हेंबरात सामन्याच्या सकाळी गवतावर दहिवर गोठलं होतं. हर्शेलचा डबा रात्रभर ट्रकच्या उघड्या हौद्यात राहिला होता. या वर्षीचाही कागद भिंतीला लागावा, एवढंच त्याला हवं होतं. माझं काम पाहणारी वेल्डा प्रूइट, फर्नची जुनी मैत्रीण, हिने त्याला मध्येच अडवलं.

"थांब हर्शेल. तुझ्या पट्ट्यातली आठ काडतुसं दे. हात लावू नकोस, मी घेते."

"घे बाई. दुकानची आहेत. फर्नच्या हातची चव नाही त्यांना."

एक फोडून तिने गोळी तोलली. बरोबर एकशे चोवीस ग्रेन. मग त्याच्याच पिस्तुलातून तिने तीन झाडली. एक हजार चार, नऊशे अठ्ठ्याण्णव, एक हजार सहा.

"हर्शेलकाका," मागून डॉयल नावाचा एक तरुण नेमबाज ओरडला, "गोळी सुटली की मागनं जाऊन जरा ढकला तिला!"

लोक हसले. हर्शेल हसला नाही. आणखी तीन झाडली, त्यातली एकच जरा पळाली, एक हजार आठ. नियमाप्रमाणे सहांतल्या चांगल्या तीन वेगांची सरासरी धरूनही आकडा एकशे पंचवीसच्या खालीच राहिला.

"आता एकच उरलंय," वेल्डा म्हणाली. तिचा आवाज खाली आला होता. "तोलायचं की झाडायचं, ते तू सांगायचंस. जड भरलं तर ते वजन धरू, जोरात गेलं तर तो वेग धरू. दोन्ही मिळणार नाही."

"फर्नने काय सांगितलं असतं गं?"

"फर्नने ही काडतुसं घेतलीच नसती."

हर्शेलने टोपी काढली, पुन्हा घातली. "झाड."

वेल्डाने झाडलं. एक हजार दहा.

मित्रांनो, मी एक हजार अकरा म्हटलं असतं तर? एका फुटाने कुणाचं काय बिघडलं असतं? पण जे डोळ्यांवरून गेलं, तेच मी दाखवलं. वेल्डाने पुन्हा सगळ्यांत चांगल्या तीन वेगांची सरासरी काढली आणि तीनदा गुणाकार केला. "एकशे चोवीस पूर्णांक नव्व्याण्णव शतांश."

आता कुणी हसेना. डॉयलच पुढे आला. "अहो मावशी, लिहा की एकशे पंचवीस. कुणाला कळतंय?"

"नको रे पोरा," हर्शेल म्हणाला. "तो कागद तिच्या भिंतीला लावायचा आहे. तिथे खोटं कसं लावू?"

दिवसभर तो बिनगुणांचा खेळला. एकही फेरी त्याने सोडली नाही. मला आवरताना कुणीतरी तिवईला लाथ मारली. चुकून लागली असेल.

दुसऱ्या आठवड्यात, गारठ्यातच, हर्शेल आणि वेल्डा आले. त्याच्या हातात चार वेगवेगळे डबे होते, मुद्दाम रात्रभर ओसरीच्या कठड्यावर ठेवून गार केलेले.

"डब्यावरचा वेग कारखान्यातल्या लांब नळीतून मोजलेला असतो," वेल्डा थर्मासमधली कॉफी ओतत म्हणाली. "तुझी नळी चार इंचांची. आणि ऑगस्टचं ऊन नोव्हेंबरात कुठून आणणार होतास?"

"हे आधी सांगायचंस ना!"

"विचारायचंस! मार्चपासून तू कुणाशी धड बोललास तरी का?"

हर्शेलने कॉफीचा कप खाली ठेवला. मग म्हणाला, "पुढचा डबा दे."

हलक्या गोळ्यांचे आकडे वरखाली उड्या मारत होते. एकशे सत्तेचाळीस ग्रेनची जड गोळी सावकाश निघाली, पण एका चालीने. नऊशे पाचच्या आसपास. आकडा एकशे तेहतीस. "हीच घे," वेल्डा म्हणाली. "काठावर राहू नये माणसाने. थंडीत पाच-सहा आकडे गेले तरी चालतील, एवढं हाताशी असावं."

पुढच्या नोव्हेंबरला एकशे बत्तीस भरले. "तेविसावा कागद!" वेल्डाने हाक दिली.

"तेविसावा कसला? मधला तुटला. हा पहिला," हर्शेल म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले.

सगळे पांगल्यावर त्याने रुमालाने माझे दोन्ही डोळे पुसले. "गेल्या वर्षीही तू बरोबरच मोजलं होतंस," तो म्हणाला. इतक्या वर्षांत माझ्याशी कुणी बोललेलं ते एकच वाक्य.

पुढे क्लबाने रडारच्या लहरींवर वेग मोजणारं नवं यंत्र आणलं. माझ्या पोटातली बॅटरी कुणी काढली नाही. ती आता पाझरते, आतून मला खाते. मित्रांनो, तुमच्या घरीही असं कुणीतरी असेल, एखादा तापमापक, एखादा काटा, नाहीतर एखादं म्हातारं माणूस, जे तुम्हाला हवं ते न सांगता आहे तेच सांगतं. त्याच्यावर रागवा हवं तर. पण त्याला डब्यांमागे ढकलू नका. अधूनमधून बाहेर काढा, धूळ पुसा, दोन शब्द बोला. उत्तर नाही देता येत त्याला, पण ऐकू येतं.