तिघांमागं पडलेलं फाटक

"उघड! उघड ते फाटक! गाडी कुठं दिसतेय तुला?"

जीपमधून अर्धं अंग बाहेर काढून सुभेदार मार्तंड मराठीतच ओरडत होते. गेटमनशेजारच्या बाईचं नऊवारी त्यांनी पाहिलं असावं. जीपमागं तीस-चाळीस सायकलस्वार एकमेकांवर आदळता आदळता थांबले होते. कुणी हँडलवर डोकं टेकवून धापा टाकत होतं, कुणी शिव्या देत होतं. एकानं सायकल खांद्यावर घेऊन दांड्याखालून वाकायला सुरुवात केली, तसा गेटमन उत्तम लाल झेंडी घेऊन त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"नहीं भैया. गाड़ी छूट चुकी है."

रूळ रिकामे होते. उजवीकडे रिकामे, डावीकडे रिकामे. उन्हात नुसते चमकत होते.

"कुठाय गाडी?" सुभेदार जीपमधून खाली उतरले. "आम्ही दिसत होतो ना तुला वळणावर? बबिना छावणीची पोरं चार दिवस रक्त ओकतायत, आणि तू आमच्या तोंडावर गेट पाडतोस?"

उत्तमनं झेंडी तशीच धरून ठेवली. मग दूर शिट्टी झाली आणि बऱ्याच वेळानं एक लांबलचक मालगाडी आली, वऱ्हाडासारखी रमतगमत. कोळशाचे डबे संपता संपेनात.

एकोणसत्तर सालची गोष्ट. लखनौहून निघालेल्या शर्यतीचा शेवटचा टप्पा बरुआसागरवरून झाशीला संपणार होता. बरुआसागरच्या तळ्याशी तिघेजण घोळक्यातून निसटले. असे निसटलेले शेवटी दमतात, घोळका त्यांना गिळतो, हे जीपमधले सगळे धरून चालले होते. फाटकापाशी आले तेव्हा तिघांच्या मागं घोळक्याची धूळ दिसतही होती. तिघे रूळ ओलांडून गेले, फाटक पडलं, आणि धूळ अलीकडेच राहिली. तिघांतला पहिला झाशीत सगळ्यांच्या आधी पोचला. तो होता श्रीकृष्ण. उत्तमचा सख्खा भाचा.

शर्यतीत फाटक आडवं आलं तर तो ज्याच्या-त्याच्या नशिबाचा भाग. पुढं गेलेल्यांची आघाडी कुणी काढून घेत नाही. पण फाटक मुद्दाम पाडलं असं ठरलं, तर टप्पाच रद्द. फौजेच्या संघानं त्याच संध्याकाळी तक्रार दिली. टप्पा टिकला तर श्रीकृष्णाची रेल्वेत भरती पक्की होती, खेळाडूंच्या जागेवर. नाही टिकला तर परत सायकलच्या दुकानात पंक्चर काढणं.

चौकशीला रेल्वेचे ट्रॅफिक इन्स्पेक्टर फाटकावरच आले. दूधवाला रामसेवक नेमका तेव्हाच तिथं होता. उत्तमभैयाची बाजू घ्यायला तो आपण होऊन पुढं सरसावला.

"साहब, ऐसो भलो आदमी नईं मिलहै. घंटी हो जाए, तोऊ हमाए लाने रोक लेत हैं. बस वारे खों, सब्जी वारे खों, सबको निकार देत हैं, फिर गिराउत हैं."

"अच्छा?" इन्स्पेक्टर हसले. "रोज़ सबको निकाल देते हैं. और उस दिन किसी को नहीं निकाला?"

रामसेवकाला आपण काय बोलून बसलो ते कळलंच नाही. तो मान डोलावत राहिला. उत्तमच्या बायकोनं, विमलाबाईंनी मात्र चहाची कपबशी जरा जोरातच खाली ठेवली.

त्या दिवसापासून त्यांच्या घरात तो प्रश्न येऊन बसला होता. पाहुण्यासारखा. जातही नव्हता आणि त्याला कुणी या-बसा म्हणतही नव्हतं. कारण फाटक पडलं तेव्हा विमलाबाई तिथंच होत्या. उत्तमसाठी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आल्या होत्या. फोनची घंटी झाली होती, गाडी सुटल्याचं कळलं होतं, उत्तम फाटकाच्या हँडलपाशी उभा होता. तेवढ्यात तिघे आले, धुळीनं भुतासारखे झालेले. आणि त्याच ओरडल्या होत्या, "अहो, आपला श्रीकृष्ण!"

त्यानंतर उत्तमनं हँडल फिरवायला घेतलं. त्यानंतरच.

दुपारी तो तांदूळ निवडत बसला होता. बारीक खडे काढायचं काम घरात नेहमी त्याचंच, कारण विमलाबाईंना ते दिसत नसत.

"खरं सांगा," त्या म्हणाल्या.

"घंटी झाली होती."

"घंटी रोजच होते."

त्यानं एक खडा उचलून दाराबाहेर टाकला. "कुणी सांगावं, शर्यतीतली चाळीस पोरं रुळावर आणि वरून गाडी आली असती तर? रामसेवक एकटा असतो. त्याला ढकलून पार करता येतं."

हे पटण्यासारखं होतं. विमलाबाईंना पटलंही असतं, पण त्यांनी त्याचा चेहरा पाहिला होता, हँडल फिरवतानाचा. त्यावर काय होतं ते मात्र त्यांना आठवत नव्हतं. आठवायला गेलं की कधी भीती आठवे, कधी आनंद.

चार दिवसांनी श्रीकृष्ण आला. सायकल भिंतीला टेकवून उभाच राहिला. बोलताना तो अर्धा हिंदीत बोले. आई लवकर गेलेली, मराठी बोलणार कुणाशी?

"बस की रे," विमलाबाई म्हणाल्या. "थालीपीठ लावते. काय हे, बरगड्या मोजून घ्याव्यात तुझ्या."

"नको मामी." त्यानं मामाकडं पाहिलं. "मामा, लोक कहते हैं, जीता तो मामा है, भांजा तो बस बैठा था सायकलवर. दुकानात, मैदानावर, सगळीकडे तेच. मी रात-दिवस तोच टप्पा परत चालवतो डोक्यात. ते मला पकडणार होते का? पाय होते माझ्यात, मामा, जोर होता पायांत. खूप पाय होते. पर अब लगता है, नहीं थे." त्याचा आवाज फाटला. "एक बात बताओ. तुम्ही मला पाहूनच पाडलं ना?"

उत्तमनं तांदळाचं सूप बाजूला सारलं.

"तू त्यात होतास हेच मला ठाऊक नव्हतं," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"तिघे गेले एवढं दिसलं. तोंडं कुठं दिसत होती? धूळ नुसती. दुसऱ्या दिवशी कळलं मला, तू होतास म्हणून."

श्रीकृष्णानं मामीकडं पाहिलं. तव्यावरचं थालीपीठ करपायला लागलं होतं. विमलाबाईंनी ते उलटलं, आणि पाठमोऱ्याच म्हणाल्या, "मी तरी कुठं ओळखलं रे! मला वाटलं कुणी सरदारजी आहे."

आधी त्याला हसूच आलं नाही. मग आलं. "सरदारजी? मामी, हद है! खांद्यावर खेळवलं मला, आणि सरदारजी?" तो मटकन खाली बसला आणि तीन थालीपीठं खाल्ली. पुन्हा पुन्हा विचारत राहिला, "सच में नहीं पहचाना? सच में?" आणि दर वेळी उत्तम मान हलवत राहिला, जराशी लाज वाटल्यासारखं करून.

त्याच आनंदात श्रीकृष्णानं ही गोष्ट पंचांना सांगितली. पंचांनी ती इन्स्पेक्टरांना सांगितली.

इन्स्पेक्टर पुन्हा आले. या वेळी चहा घेतला नाही.

"उत्तमजी, पाँच हाथ की दूरी से अपना भांजा नहीं दिखा?"

"नहीं साहब."

"तो फिर सिग्नल कैसे दिखता है?" ते थांबले. जाळं टाकून बसलेल्या माणसासारखे. "आँखों की जाँच होगी. ठीक निकलीं, तो बात साफ़ है. पहचाना भी, और जान-बूझकर गिराया भी. मैं शर्यतवालों को लिख दूँगा. और अगर ख़राब निकलीं..." त्यांनी फाटकाकडं पाहिलं आणि वाक्य तिथंच सोडलं.

ते गेल्यावर विमलाबाई म्हणाल्या, "आता हो?"

"आता काय. जायचं."

"मी येणार."

"तू कशाला?"

"मी येणार," त्या म्हणाल्या.

रेल्वेच्या दवाखान्यात गर्दी होती. विमलाबाईंना दाराशी बाकावर जागा मिळाली. पडदा अर्धा सरकलेला, त्यामुळं आतलं सगळं दिसत होतं: भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता, खुर्चीत ताठ बसलेला उत्तम, त्याच्या मागं हाताची घडी घालून उभे असलेले इन्स्पेक्टर. उत्तमनं धुतलेला शर्ट घातला होता. केसांना तेल लावलं होतं. लग्नात पाहिला होता तेव्हाही असाच, ताठ.

"पढ़िए," डॉक्टर म्हणाले.

पहिली ओळ त्यानं वाचली. दुसरी वाचली. तिसरी जरा सावकाश, पण बरोबर. चौथ्या ओळीशी तो थांबला.

विमलाबाईंना स्वतःला तिथून, दारातून, चौथी ओळ दिसत होती.

"आगे?"

"नहीं दिखता, साहब."

डॉक्टरांनी काचा बदलल्या, पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. आणखी काचा. उत्तम डोळे बारीक करून पुढं वाकला, मागं झाला, आणि मान हलवली. खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसासारखं त्यानं ते जरा जास्तच केलं. इन्स्पेक्टर तक्त्याकडं बघतच नव्हते. ते उत्तमकडं बघत होते. मग एकाएकी ते दाराकडं वळले.

"क्यों बाईजी? घर में भी यही हाल है?"

उत्तम वळला नाही. त्याच्या मानेवरची शीर तेवढी ताठ झालेली त्यांना दिसली. तो कशाची वाट पाहत होता, त्यांनी काय म्हणावं असं त्याला वाटत होतं, काहीच कळायला मार्ग नव्हता. इतकी वर्षं संसार केला, आणि त्या माणसानं त्या दुपारी हँडल का फिरवलं ते त्या शपथेवर सांगू शकल्या नसत्या. श्रीकृष्ण थालीपीठ खाताना कसा हसत होता, एवढं मात्र त्यांना नीट माहीत होतं.

"जी," त्या म्हणाल्या. "बहुत दिन से."

इन्स्पेक्टरांनी घडी सोडली. डॉक्टरांनी पेनला टोपण लावलं आणि उत्तमच्या खांद्यावर हात ठेवला. "गेट पर तो अब नहीं रख सकते. स्टेशन पर कोई हल्का काम मिल जाएगा. पानी-वानी का."

"जी साहब," उत्तम म्हणाला.

बाहेर व्हरांड्यात ऊन होतं. इन्स्पेक्टर त्यांच्या मागोमाग आले आणि खांबाला टेकून उभे राहिले. निघाले नाहीत. विमलाबाईंनी मागं वळून पाहिलं नाही. त्यांनी नवऱ्याचं कोपर धरलं, आयुष्यात पहिल्यांदाच असं चारचौघांत, आणि त्याच्या चालीला चाल जुळवली.

व्हरांडा संपला तिथं त्या थांबल्या.

"पायरी आहे," त्या म्हणाल्या.

उत्तमनं समोर पाहत पाय पुढं केला, आणि चाचपडत खाली ठेवला.