मैदानावरचं मार्गदर्शन

प्रत्येक विद्यार्थ्याला योग्य वयात योग्य मार्गदर्शन मिळालं, की राष्ट्राचा उत्कर्ष कोणीही रोखू शकत नाही, असं शिक्षण मंत्रालयाने जाहीर केलं. आमच्या शाळेत हा उत्कर्ष खेळाच्या सामानाच्या खोलीत, फाटक्या जाळ्या आणि हवा गेलेल्या फुटबॉलांशेजारी, एका डुगडुगत्या टेबलावर सुरू झाला. मार्गदर्शक म्हणून खेळाच्या सरांना नेमलं, कारण त्यांचे तास गणिताचे सर कायम मागून घेत आणि ते मोकळेच असत.

सरांनी मात्र काम मनावर घेतलं. प्रशिक्षणातली एकच गोष्ट त्यांना पटली होती: आधी मुलांचं ऐकून घ्यायचं. पंचाईत अशी, की टेबलासमोर बसलं की मुलं घरून पाठ करून आणलेलंच म्हणून दाखवत. मग सर एकेकाला मैदानावर पळवू लागले. दम लागला की घरच्यांची वाक्यं गळून पडतात आणि पोराचं स्वतःचं तेवढं उरतं, हा त्यांचा शोध. हे मार्गदर्शन आहे की शिक्षा, असं मोठ्या बाईंनी विचारलं. निकाल बघा, म्हणाले सर.

दहावी झालेल्या एका मुलीने धापा टाकत सांगितलं, की तिला भूमापन शिकायचंय; जमिनी मोजायच्या, नकाशे काढायचे. ते शिक्षण परगावी, वसतिगृहात राहून. प्रवेशाची मुदत दुसऱ्याच दिवशी संपत होती आणि अर्जावर वडिलांची सही नव्हती. वडिलांचं सलून होतं. खुर्चीतल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ते विचारत, पोरीने कॉमर्सच घ्यावं ना? गळ्याशी वस्तरा असताना माणूस वाद घालत नाही. त्यामुळे सगळं गाव कॉमर्सच्या बाजूने होतं.

सरांनी वडिलांना बोलावलं आणि थेट मैदानावर नेलं. पण उभ्या उभ्या दिवसभर बोलणाऱ्या माणसाला दम कसला लागतोय? कॉमर्सचे फायदे सांगत ते झपाझप चालत राहिले. सरांनी मात्र आयुष्यभर इतरांना पळवलं होतं. स्वतः शिट्टी घेऊन उभे असत. काही बोलायला गेले, तर तोंडातून नुसता वारा आला. तरी ते थांबेनात. थांबलो तर हे दुकान गाठतील आणि पोरीचं वर्ष हातचं जाईल, एवढं त्यांना कळत होतं. मुलगी मागोमाग येत होती.

अडवणारं कोणीच नसल्यामुळे वडिलांचे फायदे संपले. मग मागे न बघता म्हणाले, "आणि ही गेल्यावर मी रात्री जेवायला कोणाबरोबर बसू?"

हे काही कुठल्या गिऱ्हाइकाचं मत नव्हतं.

मुलगी भरभर पुढे आली. "दर शनिवारी येईन ना, बाबा. इथे राहून रोज तोंड पाडून समोर बसले, तर तुम्हालाच घास जायचा नाही."

"धमकी देतेस?"

"मार्गदर्शन करतेय."

वडिलांना हसू आलं, ते त्यांनी खोकल्यात घालवलं. सर तोवर गुडघ्यांवर हात टेकून वाकले होते. त्यांच्या पाठीवरच अर्ज ठेवून वडिलांनी सही केली. पेनाचा दाब निघाला तसे सर खाली बसले ते बसलेच.

"सर, आणखी काही सांगायचं राहिलंय का?" वडिलांनी अदबीने विचारलं.

"हो," सर म्हणाले. "जरा हात द्या. उठवत नाहीये."